मन वळवून आणणे

(मंडळीतील कार्यकर्ते, सहायक आणि युवक-युवती यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेसाठी विषय सुचवा असे सांगून मागच्या वेळी चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्यातल्या तीन चिठ्ठ्या माझ्या हाती दिल्या गेल्या. एक कॉलेजच्या मुलाची आहे. तो लिहितो, "पुस्तक उघडतो आणि दहा मिनिटांत मोबाइल हातात असतो. तो कधी उचलला तेही कळत नाही." दुसरी एका भगिनीची आहे. "प्रार्थनेला गुडघे टेकते आणि मनात कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते." तिसरी आपल्याच एका कार्यकर्त्याची. "सकाळपासून रात्रीपर्यंत धावतो, पण एकही काम धड पुरे होत नाही."

तिघांची वये वेगळी, कामे वेगळी. दुखणे मात्र एकच आहे. मन थाऱ्यावर राहत नाही. म्हणून आज रोजच्या जीवनातील एकाग्रता याविषयी बोलायचे ठरवले आहे. मी मानसशास्त्राची तज्ज्ञ नाही. पाड्यांवर काम करताना जे पाहिले, आणि थोडेफार जे वाचले, ते तुमच्यापुढे ठेवते.

मन भटकणारच

पहिली गोष्ट अशी की मन भटकते म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. पुष्कळांना वाटते की हा सगळा मोबाइलचा प्रताप आहे, पूर्वीची माणसे शांत बसून काम करत असत. तसे नाही. सोळाशे वर्षांपूर्वी इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रियस नावाचे एक साधू राहत होते. इ. स. ३९९ मध्ये ते वारले. एकांतात राहणाऱ्या साधूला दुपारच्या सुमारास काय होते, ते त्यांनी लिहून ठेवले आहे. सूर्य पुढे सरकतच नाही असे त्याला वाटते. दिवस पन्नास तासांचा वाटतो. तो सारखा खिडकीकडे पाहतो, खोलीबाहेर येतो, कुणी भेटायला येत आहे का बघतो. मग त्याला ती जागाच नकोशी वाटू लागते. या साधूजवळ मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता, शेजारीपाजारी नव्हते. तरी मन पळत होतेच.

आजच्या काळातही हे मोजून पाहिले गेले आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१० मध्ये सुमारे २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून विचारले, "आता तुम्ही काय करत आहात, आणि तुमचे मन कुठे आहे?" जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर आले की हात एका कामात आहेत आणि मन दुसरीकडे. म्हणजे जागेपणीचा जवळपास अर्धा वेळ. शिवाय मन दुसरीकडे असताना लोक कमी आनंदी होते, असेही त्यांना दिसले.

आपल्या खानदेशच्या बहिणाबाईंनी मनाला पिकात घुसणाऱ्या ढोराची उपमा दिली, ती आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मला त्यात गुराख्याकडे पाहावेसे वाटते. गुरे राखणे याला आपण मराठीत 'गुरे वळणे' म्हणतो. शब्द किती नेमका आहे पाहा. गुरे चरायला नेली की ती इकडेतिकडे जाणारच. एखादी गाय शेजारच्या शेताकडे निघते. गुराख्याचे पोर उठते, चार पावले पुढे जाते, हाळी देते, तिला वळवते आणि परत येऊन बसते. थोड्या वेळाने दुसरी निघते, पोर पुन्हा उठते. दिवसातून पन्नास वेळा हे होते. म्हणून ते रडत बसत नाही, किंवा आपल्याला गुरे वळता येत नाहीत असेही म्हणत नाही. वळवणे हेच तर त्याचे काम आहे.

आज मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. मन मुळीच हलू न देणे म्हणजे एकाग्रता, अशी आपली समजूत असते. ती सोडून द्या. मन गेले हे ओळखून त्याला परत आणणे, आणि पुन्हा गेले तर पुन्हा आणणे, याचे नाव एकाग्रता. हा सराव आहे. सराव कुणालाही करता येतो.

शिट्ट्या मोजणाऱ्या आपल्या भगिनीला मी आणखी एका स्वयंपाकघराची आठवण देईन. पॅरिसमधल्या एका मठात लॉरेन्स नावाचे बंधू होते. १६९१ मध्ये ते वारले. त्यांचे शिक्षण फारसे नव्हते. मठाच्या स्वयंपाकघरात आणि पुढे चपला दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. प्रार्थनेत मन भटकते त्याचे काय करावे, असे त्यांना लोक विचारत. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की मनावर चिडू नका. चिडण्यात मन आणखी दूर जाते. शांतपणे त्याला देवाकडे परत आणा. आणि दिवसभर काम करताना मनाला थोडे थोडे आवरलेत, तर प्रार्थनेच्या वेळी ते फार लांब जाणार नाही. ताई, शिट्टी ऐकू आली तर येऊ द्या. गॅस बंद करून या आणि जिथे थांबलात तिथून पुढे सुरू करा.

मार्थेची ओढाताण

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील मार्था आणि मरीया यांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. या गोष्टीवर बोलताना आपण मार्थेवर थोडा अन्याय करतो. जणू स्वयंपाक करणे ही तिची चूक होती. पाहुणे आले की कुणीतरी चूल पेटवायलाच हवी. थिऑलॉजीचा डिप्लोमा करताना या उताऱ्यातला मूळ ग्रीक शब्द आम्हाला समजावून सांगितला होता. मार्थेच्या स्थितीसाठी जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ 'चहूकडे ओढली जाणे' असा आहे. म्हणजे ती खूप काम करत होती एवढेच नाही. एका कामात असताना तिला दहा गोष्टी ओढत होत्या. भांडे चुलीवर, डोळे बहिणीवर, मनात राग, आणि तोंडी तक्रार. प्रभूने तिला नावाने दोनदा हाक मारली. ती हाक मला मन वळवून आणणारी वाटते.

ही ओढाताण फुकट होत नाही, तिची किंमत असते. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवून दिले की अर्धे काम सोडून आपण दुसऱ्याकडे वळलो, तर मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. नवे काम मग उरलेल्या मनाने होते. आपल्याला वाटते आपण एका वेळी दोन कामे करतो. खरे तर मन एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत असते, आणि प्रत्येक उडीत थोडे सांडते. एक ना धड भाराभर चिंध्या, असे आपल्या वाडवडिलांनी उगाच म्हटलेले नाही.

पडद्यापुढे तर या उड्या फारच वाढल्या आहेत. कॅलिफोर्नियातील ग्लोरिया मार्क यांनी वीस वर्षे हे मोजले आहे. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आले आहे. दहा मिनिटांत मोबाइल उचलणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने हे ऐकून थोडा धीर धरावा.

घरी करायच्या पाच गोष्टी

आता उपाय. हे मोठ्या खर्चाचे नाहीत.

पहिला उपाय, मोह नजरेआड ठेवा. गुराखी शहाणा असेल तर गुरे पिकाच्या बांधाला लागून चारतच नाही. मोबाइल उलटा करून शेजारी ठेवणे म्हणजे बांधावर चारणे. अभ्यासाच्या, प्रार्थनेच्या, जेवणाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवा. एकच खोली असेल तर डब्यात घालून फळीवर ठेवा, किंवा तेवढा वेळ आईच्या ताब्यात द्या. उठून घ्यावा लागला की निदान आपण तो घेत आहोत हे कळते.

दुसरा उपाय, वेळ बांधून घ्या. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटलीतील एका विद्यार्थ्याला ऐंशीच्या दशकात हाच त्रास होता. त्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ घेतले, पंचवीस मिनिटे लावली, आणि ठरवले की घंटा होईपर्यंत एकच काम. मग पाच मिनिटे विश्रांती. पुढे ही पद्धत टोमॅटोच्याच इटालियन नावाने, पोमोदोरो म्हणून, जगभर पसरली. तुम्हाला पंचवीस जमत नसतील तर दहापासून सुरुवात करा. साधे गजराचे घड्याळ पुरे. फोनवरचा गजर नको, नाहीतर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

तिसरा उपाय, शेजारी एक कागद ठेवा. काम करताना आठवते, लाइटबिल भरायचे आहे, मावशीला फोन करायचा आहे. लगेच उठू नका आणि ते मनात धरूनही ठेवू नका. कागदावर दोन शब्द लिहा आणि परत या. घंटा झाल्यावर कागद बघा. प्रार्थनेच्या वेळीही असा कागद जवळ ठेवायला हरकत नाही. पुष्कळदा त्या कागदावरची यादीच प्रार्थनेचा विषय होते.

चौथा उपाय, शरीराला कामाला लावा. ओळीखाली बोट फिरवत वाचा, मोठ्याने वाचा, वाचलेले पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगा. भाताची आवणी करणाऱ्या बायका पाहा. कमरेत वाकून, पाय चिखलात, हात रोपांवर, ओठांवर गाणे. चार-चार तास मन आवणीतच असते, कारण सगळे अंग त्यात असते. आपण मात्र उशीला टेकून, डोळे अर्धवट मिटून अभ्यास करतो आणि झोप येते म्हणून तक्रार करतो.

पाचवा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि आपण तोच टाळतो. झोपा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके ढिले पडतात. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. आपल्यातले बहुतेक जण दारूला शिवत नाहीत, आणि ते चांगलेच आहे. पण पहाटे पाचला उठून दिवसभर काम करून रात्री अकराला मोटारसायकलवरून घाट उतरणारा सेवक कोणत्या स्थितीत असतो, याचा विचार करा. सेवेची आस्था असेल तर झोपेलाही आपण सेवेचाच भाग मानले पाहिजे.

लांबची नजर

तिसरी चिठ्ठी लिहिणाऱ्या बंधूंनी म्हटले आहे की एकही काम पुरे होत नाही. त्यांच्यासाठी दोन नावे सांगते. दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

विल्यम कॅरी इंग्लंडात जोडे शिवणारे कारागीर होते. १७९३ मध्ये ते बंगालात आले. मराठीचे व्याकरण त्यांनी १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापला. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या त्यांच्या छापखान्याला आग लागली. कित्येक वर्षांची हस्तलिखिते, कागद, टाइप जळून गेले. ते पुन्हा कामाला बसले. त्यांनी आपल्या पुतण्याला सांगून ठेवले होते की माझ्याविषयी कुणी लिहिलेच, तर चिकाटीने पाय ओढत पुढे जाणारा माणूस एवढेच श्रेय द्यावे. आपल्यात असामान्य बुद्धी आहे असा त्यांचा दावा नव्हता.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया. त्यांचे जेवण, आजारपण, शाळा, शेती, छापखाना. या सगळ्या गर्दीत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि साध्या बायकांनाही समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. आयुष्याच्या शेवटच्या काळातली कित्येक वर्षे ते काम चालले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्याआधी त्यांनी ते पुरे केले. त्यांना एकांत मिळाला म्हणून हे झाले असे कुणी म्हणू शकत नाही. कामे चहूकडून येत होती, आणि त्या रोज त्या पानाकडे परत येत होत्या.

म्हणून बंधूंना विनंती आहे. दिवसाला दहा कामांची यादी करण्याऐवजी सकाळी स्वतःला एकच विचारा, "आज संध्याकाळी कोणते एक काम पुरे झालेले मला देवापुढे ठेवायचे आहे?" ते काम दिवसाच्या पहिल्या तासाला करा. बाकीची कामे होतील तशी होतील.

'लक्ष नाही' असे म्हणण्याआधी

इथपर्यंत आपण स्वतःविषयी बोललो. पण 'याचे लक्ष नाही' हे वाक्य आपण स्वतःपेक्षा दुसऱ्याविषयी जास्त वापरतो. विशेषतः लहान मुलांविषयी. आश्रमशाळेत, वसतिगृहात, रविवारच्या शाळेत एखाद्या मुलावर हा शिक्का एकदा बसला की पुढे तो निघत नाही. म्हणून शिक्का मारण्याआधी चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते.

त्याचे पोट भरले आहे का, आणि अंगात रक्त आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या फेरीत, पाच वर्षांखालच्या तपासलेल्या बालकांपैकी ६७ टक्के बालकांत रक्त कमी असल्याचे आढळले. रक्त कमी असलेले मूल लवकर थकते, गळून बसते, आणि त्याचे मन टिकत नाही. आपल्याला ते आळशी वाटते. यावर उपाय सरकारी योजनेत आहेत. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना निळी. शिवाय १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी जंताची गोळी. आपल्या वसतिगृहातल्या मुलांना या गोळ्या खरोखर पोटात जातात का, हे पाहणे आपल्या हाती आहे.

त्याला दिसते का, ऐकू येते का? मागच्या बाकावरचे मूल फळ्यावरचे उतरवून घेत नाही, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, मग बोलणी खाते. फळा त्याला धूसर दिसत असेल तर ते काय करणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात, त्यात डोळे आणि कानही तपासले जातात. त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये एवढे तरी बघावे.

त्याची झोप झाली आहे का? पहाटे पाणी भरून, धाकट्या भावंडाला सांभाळून, दोन-तीन किलोमीटर चालून जे मूल आले आहे, त्याच्या पापण्या दुसऱ्या तासाला मिटणारच.

आणि चौथा प्रश्न, त्याला आपली भाषा कळते का? मेळघाटातल्या कोरकू मुलाची किंवा गडचिरोलीतल्या माडिया मुलाची घरची भाषा मराठीच्या कुळातलीच नाही. वारली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकातली मराठी पहिल्या दिवशी परकीच असते. न कळणाऱ्या भाषेतले प्रवचन तुम्ही किती वेळ ऐकाल? दहा मिनिटांत तुमची नजर छताच्या पंख्यावर जाईल. ते मूल खिडकीबाहेर पाहते तेव्हा त्याचे लक्ष नसते असे नाही. शब्द कळत नसल्याने त्याला धरायला काही नसते. शिक्षकाने त्याच्या भाषेतले पाच-दहा शब्द शिकून वर्गात वापरावेत आणि मग पाहावे. मूल मान वर करते.

समोरच्या माणसाला दिलेले लक्ष

आता शेवटचा मुद्दा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

मराठीत आपण लक्ष 'देतो'. ज्याच्याजवळ देण्यासारखे दुसरे काही नाही, तोही लक्ष देऊ शकतो. आणि पुष्कळदा समोरच्याला त्याचीच गरज असते.

वारल्यांचा तारपा नाच तुमच्यातील काहींनी पाहिला असेल. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून फेर. त्याने सूर बदलला की सगळ्यांची पावले बदलतात. नाचणाऱ्यांनी तारपेकऱ्याकडे पाठ करायची नाही, असा रिवाज आहे. मला हा रिवाज फार आवडतो. आपण आजकाल समोरासमोर बसूनही पाठ फिरवतो. तोंड माणसाकडे असते, डोळे खाली मोबाइलवर.

जव्हार भागातल्या एका पाड्यावर आम्ही दोघे-तिघे घरभेटीला गेलो होतो. एक आजी रेशनकार्डाविषयी बोलत होती. बोलता बोलता आमच्यातल्या एका तरुणाचा फोन वाजला आणि तो बोलू लागला. आजी लगेच गप्प झाली. "तुमचे काम होऊ द्या," म्हणाली. फोन संपल्यावर तिने रेशनकार्डाचे उरलेले सांगितले, आम्ही लिहून घेतले आणि निघालो. उंबऱ्याशी चपला घालताना ती हळूच म्हणाली की नातीला महिनाभर खोकला आहे, रात्री ताप येतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे, आणि ती तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. दुसऱ्या दिवशी मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. क्षयरोगच निघाला. औषधे वेळेत सुरू झाली, मुलगी बरी आहे. पण ही गोष्ट आम्हाला समजली ती केवळ चपला घालायला वेळ लागला म्हणून. गरीब माणूस खरे दुखणे पहिल्यांदा सांगत नाही. आधी तो आपण ऐकतो का ते बघतो.

सांगण्याच्या बाबतीतही तसेच. जुलाब झालेल्या बाळासाठी जलसंजीवनीची पुडी देताना आपण घाईत असतो. दवाखान्यात मिळणारी मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. आईने ती पेलाभर पाण्यात कालवली तर क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होतो. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, आणि जुलाब थांबले की आई त्या बंद करते. "कळले ना?" असे विचारले तर कोणतीही आई मान हलवते. म्हणून मी नेहमी म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, घरी जाऊन काय कराल?" घरातले कोणते भांडे एक लिटरचे आहे ते दाखवायला सांगावे. यात तीन मिनिटे जास्त जातात. पण त्या तीन मिनिटांत आपलेही लक्ष त्या आईवर असते आणि तिचे आपल्यावर. बाळाचा जीव या तीन मिनिटांवर अवलंबून असू शकतो.

घरातही हेच आहे. मूल शाळेतून येऊन काही सांगू लागते, आपण "हं, हं" म्हणत फोन बघतो. म्हातारे वडील तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतात, आपले मन उठून गेलेले असते. त्यांना ते कळते. माणसाला आपण ऐकले जात आहोत की नाही, हे फार लवकर कळते.

या आठवड्यापासून

ऐकून घरी गेलो आणि विसरलो, असे होऊ नये म्हणून तीनच गोष्टी ठरवू या. दिवसातून एकदा, पंचवीस मिनिटे किंवा दहा, फोन दूर ठेवून एकच काम. दिवसातून एकदा एका माणसाचे बोलणे मध्येच न तोडता, दुसरीकडे न पाहता, शेवटपर्यंत ऐकणे. आणि रात्री झोपण्याआधी दोन मिनिटे, आज मन कुठे कुठे गेले होते हे देवापुढे शांतपणे सांगणे. स्वतःला शिव्या न देता.

पहिले काही दिवस मन पन्नास वेळा पळेल. पळू द्या, आणि पन्नास वेळा वळवून आणा. शंभर मेंढरांतले एक हरवले म्हणून जो मेंढपाळ त्याच्यामागे गेला, त्याचेच आपण आहोत. तो आपल्याला वळवून आणताना थकत नाही. आपणही आपल्या मनाशी तितकाच धीर धरू या, आणि त्या मनाने आपल्या माणसांकडे पाहू या.

प्रभू आपणा सर्वांना तशी बुद्धी आणि शांती देवो. आमेन.